पाहुण्यांच्या सपाता

उर्शाने फोनवर फार गोड आवाजात सांगितलं. बाबांनी केलेलं जेवणाचं टेबल लग्नानंतर ती नक्की घेऊन जाणार होती, आणि मागच्या अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली ठेवणार होती. उन्हाळ्यात बाहेर जेवायला किती छान वाटेल, नाही का?

फ्लोर्यान 'हो, हो' म्हणाला, फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला. पोरगी तोंडावर म्हणाली असती की तुमचं टेबल मला घरात नको, तर त्याला चार शब्द सुनावता आले असते. गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडायची काही सोयच नसते. अंगण म्हणजे पाऊस, बर्फ आणि शेजारच्या कोंबड्या. अक्रोडाच्या लाकडाची तिथे काय दशा होणार, हे त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं.

तसा उर्शाचाही दोष नव्हता. फ्लोर्यानने आयुष्यभर नोवो मेस्तो शहराच्या रस्त्यावर बस हाकली आणि निवृत्त झाल्यावर एकदम सुतारकाम मनावर घेतलं. त्याने पहिलं स्टूल केलं, त्यावर बसायचं तर एक पाय जमिनीवर रोवून ठेवावा लागे. पक्ष्यांसाठी घर केलं, त्यात चिमण्यांनी नुसतं डोकावलंही नाही. शेवटी गांधीलमाश्यांना दया आली. पावाचा डबा केला, त्याचं झाकण फक्त विल्माला उघडता यायचं, तेही शिव्या घालत. विल्मा त्याची बायको. ती म्हणायची, "बस चालवताना लोकांना हव्या त्या थांब्यावर उतरवायचास ना? मग लाकूड हव्या त्या जागी का नाही बसवता येत?"

पण हे टेबल तसं नव्हतं. वादळात पडलेल्या अक्रोडाच्या फळ्या माळ्यावर वर्षानुवर्षं सुकत पडल्या होत्या, त्यांचं टेबल झालं होतं आणि ते डुगडुगत नव्हतं. काठोकाठ भरलेला पेला त्यावर ठेवून फ्लोर्यानने कोपऱ्यावर मूठ आपटून पाहिली होती. थेंब सांडला नाही. विल्मानेही नंतर गुपचूप येऊन एकदा मूठ आपटली होती, हे त्याला माहीत होतं, पण तो तिला तसं बोलला नव्हता.

घोडं अडलं होतं ते वरच्या पाठीवर, ताटं मांडायच्या फळीवर. समोरून पाहिलं तर ती गुळगुळीत दिसे, पण दिवा आडवा धरला की सगळीकडे लाटाच लाटा. पॉलिश पेपरची घडी बोटांखाली धरून त्याने जीव तोडून घासलं होतं. लाकडाच्या रेषांमध्ये जिथे मऊ होतं तिथे बोटं आत गेली होती, कडक होतं तिथे वर राहिली होती. एखाद्या तळ्यावर वारा सुटावा तसं ते टेबल दिसत होतं.

हार्डवेअरच्या दुकानातल्या माणसाने उपाय सांगितला. बोटांनी घासायचं नाही, पेपर ठोकळ्याला गुंडाळायचा. आणि ठोकळ्याच्या तळाला काहीतरी गादी लावायची, नाहीतर पेपरखाली एखादा कण अडकला की लाकडावर ओरखडा उठतो. गादी कसली, असं फ्लोर्यानने विचारलं. तो म्हणाला, कडक नको आणि मऊही नको. मग त्याने तयार ठोकळा दाखवला. साबणाच्या वडीएवढा, प्लॅस्टिकचा, भडक हिरवा. फ्लोर्यानने तो हातात घेऊन परत ठेवला. आख्खं टेबल आपण करायचं आणि शेवटचा हात या बेडकाने फिरवायचा, हे त्याच्या मनाला पटेना.

ठोकळा करायला काय लागतं? बीच नावाच्या झाडाच्या टणक लाकडाचा एक तुकडा तासला की झालं. पण कडक नाही आणि मऊ नाही, अशी वस्तू घरात कुठे असते हे शोधायला निघालं की माणसाला आपलं घर नव्याने कळतं. फ्लोर्यानने वाइनच्या बाटल्यांची बुचं उभी चिरून शेजारी शेजारी चिकटवली. त्याला वाटलं, हे जमलंच, पण बुचांच्या सांध्यांचे पट्टे लाकडावर उतरले. मग समुद्रावर जाताना घालायची रबरी चप्पल कापली. रबर घासून घासून तापलं, पेपर आत सरकू लागला आणि टेबलाची सुरेख धार त्याने गोल करून टाकली. भांडी घासायचा स्पंज तर ठोकळ्याच्या खालून अंग चोरून बाहेरच पळाला. गालिच्याचा तुकडा लावला, त्याची वीण उमटली. उर्शाच्या जुन्या कम्प्युटरच्या माउसखालची पातळ चटई त्याला फार आशेची वाटली होती, पण ती मऊ निघाली आणि लाटांवरून लाटांसारखीच गेली.

दर वेळी विल्माला घरातली कुठली तरी वस्तू सापडायची नाही. स्पंज कुठे गेला, असं तिने विचारलं की फ्लोर्यान खिडकीबाहेर पाहायचा.

तशात विहीणबाई येणार असल्याचं ठरलं. संत मार्टिनचा सण होता, द्राक्षांच्या रसाला त्या दिवसापासून वाइन म्हणायचं आणि हंस भाजायचा. त्या रविवारी उर्शा होणाऱ्या नवऱ्याला, ग्रेगाला, आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन जेवायला येणार होती. ग्रेगाची आई हेडविका फर्निचरच्या कारखान्यात तपासनीस होती, आयुष्यभर. तिने हात फिरवून गाडीभर कपाटं परत पाठवली होती, असं ग्रेगा कौतुकाने सांगे. कुणाच्या घरी गेली तरी ती बोलता बोलता दारांवरून तळवा फिरवते म्हणे, सवयच आहे.

हे ऐकल्यावर विल्माने कपाटातून सगळ्यात जाड टेबलक्लॉथ काढला. गुडघ्यांपर्यंत लोंबणारा होता. "झाकलं की झालं," ती म्हणाली. "ती काय पाहुणी म्हणून येऊन टेबलाची कापडं उचलणार आहे?"

पण झाकलेलं टेबल आज ना उद्या अंगणात जाणार, हे फ्लोर्यानला कळत होतं. घरात ठेव असं उर्शाला तो कधीच विनवणार नव्हता. तिने आपणहून म्हणावं एवढंच त्याला हवं होतं, आणि ते म्हणायला टेबलाची पाठ सपाट व्हायला हवी होती.

आता सपातांबद्दल सांगायला हवं. दारातून आत आलं की बूट काढायचे आणि घरातल्या सपाता घालायच्या, हा नियम त्या मुलखात माणूस चालायला लागायच्या आधी शिकतो. पाहुण्यासाठी सपाता काढून ठेवल्या नाहीत तर त्याला दारातच उभं ठेवल्यासारखं होतं. विल्माच्या घरी त्यांची एक वेताची टोपली होती, दाराजवळच्या बाकाखाली. त्यातली प्रत्येक सपात तिने हाताने शिवलेली होती. जुने लोकरीचे कोट ती उकळत्या पाण्यात धुऊन आटवायची, ते नमद्यासारखे, दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखे घट्ट झाले की तळाला थरावर थर घालून टाचायची, आणि वर चौकड्यांच्या कापडाचा भाग बसवायची. विल्माकडे गेलं की पाहुणचार पायांपासून सुरू होतो, असं गावात म्हणत. ती टोपली फक्त पाहुण्यांसाठी होती. घरच्यांनी तिला हात लावायचा नाही.

एका सकाळी गॅरेजमध्ये इतकी थंडी होती की फ्लोर्यानचे पाय बधिर झाले. घरात आला तर त्याच्या स्वतःच्या सपातांवर सरस सांडलेला होता. विल्मा बाजारात गेलेली पाहून त्याने टोपलीतली एक जोडी पायात घातली, पाय गरम होईपर्यंतच, आणि काहीतरी आणायला म्हणून तसाच गॅरेजमध्ये उतरला. भुशात चार पावलं टाकल्यावर त्याला कळलं आपण काय केलंय. घरातली सपात घराबाहेरच्या जमिनीला लागली होती. आता ती धुतली, वाळवली, उन्हात टाकली, काहीही केलं तरी विल्माच्या लेखी ती बाटली. ती पुन्हा टोपलीत गेली आणि विल्माला कळलं, तर आख्खी टोपलीच बाटणार.

तो बाकावर बसला, सपात काढली आणि तिचा तळ अंगठ्याने दाबून पाहिला. अंगठा किंचित आत गेला आणि थांबला. त्याने पुन्हा दाबलं. कडक नव्हतं, मऊही नव्हतं.

सपात तर वाया गेलेलीच होती, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि पटाशी उचलली.

ठोकळ्याला तो तळ चिकटवला, वर पेपर गुंडाळला आणि लाकडाच्या रेषेने पहिला हात मारला, तेव्हा आवाजच वेगळा आला. आधी खरखर यायची, आता नुसता श्वास सोडल्यासारखा सूर येत होता. दिवा आडवा धरला. एका बाजूच्या लाटा ओसरल्या होत्या.

इथे थांबला असता तर एका जोडीवर भागलं असतं. पण खरबरीत पेपरचा एखादा कण नमद्यात राहिला की बारीक पेपरचं काम नासतं, म्हणून मधल्या पेपरला दुसरा ठोकळा हवा होता, आणि बारीक पेपरला तिसरा. मग कडेच्या गोलाईला टाचेकडचा वाकलेला भाग फार छान बसतो, हे लक्षात आलं. टेबलाच्या पायांच्या आतल्या बाजूला निमुळता ठोकळा लागला, त्याला लहान मापाची सपात बरी पडली. दर वेळी फ्लोर्यान स्वतःला सांगे की ही शेवटची. तळ कापून घेतल्यावर वरचे चौकड्यांचे भाग तो पुन्हा टोपलीत नीट मांडून ठेवायचा, कापलेली बाजू खाली. वरून पाहणाऱ्याला टोपली गच्च भरलेली दिसे.

भरपाई करायचं त्याने ठरवलं होतं, नाही असं नाही. शनिवारी शहरात जाऊन तयार सपाता आणायच्या आणि टोपली भरून टाकायची. पण शनिवारी टेबलाला जवसाचं तेल लावायचं होतं. तेल चोळता चोळता अक्रोडाच्या रेषा अशा वर यायला लागल्या की त्याला दुपार झाल्याचंही कळलं नाही, मग दुकानं बंद व्हायची वेळ झाल्याचं तर नाहीच. आणि रविवारी तिकडे दुकानं उघडत नाहीत.

रविवारी सकाळी त्याने आणि शेजाऱ्याने टेबल आत आणलं. विल्मा हंसावर चरबी सोडत होती, तिने टेबलाकडे नीट पाहिलंही नाही, घाईघाईत येऊन टेबलक्लॉथ अंथरला. फ्लोर्यानला आता टेबलाची काळजी नव्हती. टोपलीची होती. सांगावं म्हणून तो दोनदा स्वयंपाकघरात गेला आणि दोन्ही वेळा लाल कोबी चाखून परत आला.

विहीणबाई उंच, सडपातळ, आणि अगदी अदबीने वागणाऱ्या. त्यांचे यजमान पोल्डे बुटके आणि मुके वाटावेत इतके गप्प. सगळ्यांनी दारात बूट काढले. विल्माने बाकाखालून टोपली अशी पुढे ओढली जशी एखादी बाई दागिन्यांची पेटी ओढते, आणि एकेक जोडी काढून प्रत्येकासमोर ठेवली. हेडविकाबाईंनी पाय सरकवला. पाय सपातेतून आरपार गेला आणि थंडगार फरशीला टेकला. पोल्डेंचाही गेला. त्यांनी खाली पाहिलं, पाय वर उचलला, आणि सपात बांगडीसारखी घोट्यावर चढली.

विल्माने टोपलीतली एक सपात उचलून उलटी केली. मग दुसरी. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात फ्लोर्यानने तिच्या सगळ्या नजरा पाहिल्या होत्या, पण ही नवीन होती.

"उंदीर," तो म्हणाला.

"व्यवस्थित शिवणीवरून कापणारे उंदीर," विल्मा म्हणाली आणि पाहुण्यांकडे वळून हसली. स्वतःच्या पायातल्या सपाता तिने विहीणबाईंना देऊ केल्या, त्यांनी त्या घेतल्या नाहीत. फरशीवर गार पायांनी राहिलं की मूत्रपिंडांना गारठा लागून आजार होतो, हे तिकडे सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून मंडळींना लगबगीने टेबलाशी बसवण्यात आलं आणि पाय वर, खुर्च्यांच्या दांड्यांवर ठेवायला सांगण्यात आलं. मार्टिनच्या सणाला आख्खं खानदान कोंबड्यांसारखं पाय आवरून बसलं होतं.

हंस चांगला झाला होता. चरबीत भिजवलेली भाकरी पोल्डेंनी पुन्हा पुन्हा घेतली. उर्शा बापाकडे पाहात होती, ग्रेगा उर्शाकडे. फ्लोर्यान कुणाकडेच पाहात नव्हता. मग नव्या वाइनचा पेला उचलताना ग्रेगाचा कोपर लागला आणि बाटली आडवी झाली. लाल वाइन टेबलक्लॉथवर पसरली. विल्माने मीठ आणायला धाव घेतली, पण हेडविकाबाईंनी तोवर ताटं बाजूला सारून कापड गोळा करून उचललंही होतं, लाकडात मुरू नये म्हणून.

खिडकीतून नोव्हेंबरचं तिरपं ऊन येत होतं, दिवा आडवा धरल्यासारखं. त्या उन्हात टेबलाची उघडी पाठ सगळ्यांसमोर होती. लाट एकही दिसत नव्हती.

हेडविकाबाईंनी तळवा ठेवला आणि काढून घेतला. "हाताला सगळंच गुळगुळीत लागतं," त्या म्हणाल्या. "हात खोटं बोलतो." मग त्या वाकल्या आणि पायातला गुडघ्यापर्यंतचा पातळ मोजा त्यांनी सरळ काढला. तसाही तो आता फरशी पुसून झालेला आहे, असं त्या म्हणाल्या. तो त्यांनी उलटा करून हातावर हातमोज्यासारखा चढवला. कारखान्यात त्या असंच करायच्या, हे नंतर ग्रेगाने सांगितलं. पातळ मोज्याचा धागा केसाएवढ्या कुसळालाही अडकतो, त्याला फसवता येत नाही.

त्यांनी एका टोकापासून हात सरकवायला सुरुवात केली. डोळे मिटलेले. सपातांशिवाय बसवलेल्या पाहुण्यांसमोर यजमानाने किती ओशाळावं याला काही मर्यादा असते, पण फ्लोर्यान ते सगळं विसरला होता. त्याला फक्त तो मोजा दिसत होता. तो मधल्या सांध्यावरून गेला. गाठीवरून गेला, जिथे त्याने सगळ्यात जास्त वेळ काढला होता. कडेच्या गोलाईवरून वळून खाली गेला, आणि तिथे किंचित अडकला.

"इथे तुम्ही बोटांनी घासलंत," हेडविकाबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"हो," फ्लोर्यान म्हणाला. "ते आधीचं. खालची बाजू म्हणून राहून गेलं."

"बाकी सगळीकडे बोटं नाहीत. आणि हे बूच नव्हे, रबर तर नव्हेच." त्यांनी डोळे उघडले. "पेपरखाली काय धरलं होतंत?"

फ्लोर्यानने विल्माकडे पाहिलं. ती मिठाची वाटी घेऊन उभी होती. आता उंदरांचं नाव घेण्यात अर्थ नव्हता.

"सपाता," तो म्हणाला. "हिने शिवलेल्या. त्यांच्या तळासारखं काही मला सापडलंच नाही. मी सगळं लावून पाहिलं, विल्मा. तुझा स्पंजसुद्धा."

एवढा वेळ गप्प असलेल्या पोल्डेंच्या पोटातून कसलासा आवाज आला. आधी वाटलं त्यांना ठसका लागला. मग कळलं की ते हसत होते, घोट्यावरची ती बांगडी बोटाने फिरवत. ग्रेगा हसला, उर्शा हसली. विल्मा हसली नाही. तिने वाटी खाली ठेवली, टेबलाजवळ आली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच उघड्या लाकडावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"शिवणाच्या कपाटात खाली एक पोतं आहे," ती शेवटी म्हणाली. "आटवलेल्या कोटांचे उरलेले तुकडे. गच्च भरलंय. मला एका शब्दाने विचारलं असतंस तर?"

फ्लोर्यानने सबंध घर पालथं घातलं होतं, समुद्रावरची चप्पलसुद्धा सोडली नव्हती, पण बायकोला विचारावं हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. हे त्याने तसंच सांगितलं. विल्मा म्हणाली, ते तिला दिसतंच आहे.

हेडविकाबाई मोजा पायात चढवत होत्या. त्यांनी एका सपातेचा उरलेला तळाचा काठ चिमटीत धरून पाहिला, ताणून पाहिला, आणि विल्माला विचारलं की टाके असे तिरपे घालायला ती कुणाकडून शिकली. कारखान्यात त्यांना असा नमदा मिळाला असता तर अर्धी कपाटं परत पाठवावी लागली नसती. मग त्यांनी आपला पेला उचलला. "आता हे अहो-जाहो पुरे झालं. मी हेडविका. विल्मा, पुढच्या खेपेला मी माझ्या सपाता घेऊन येते, तुझ्या नवऱ्याचा भरवसा नाही."

पेले टेकले. लाल कोबी पुन्हा फिरला. ग्रेगा टेबलाच्या कोपऱ्यावर बोटं वाजवत म्हणाला की सफरचंदाखाली हे फार शोभून दिसेल, तिथे सावलीही असते, फक्त थंडीत वर ताडपत्री घालावी लागेल.

फ्लोर्यानने काट्याने ताटातलं हाड एका बाजूला सारलं.

उर्शा खुर्चीवरून उतरली, पायात मोजे तेवढे, आणि खाली वाकून टेबलाच्या एकेका पायाकडे पाहू लागली. तिने एक पाय उचलून पाहायचा प्रयत्न केला, पण टेबल जड होतं.

"आई," ती खालूनच म्हणाली, "त्या पोत्यातून चार तुकडे देशील? गोल कापून. या पायांच्या मापाचे."

"कशाला गं?"

"आमची फरशी नवीन आहे." उर्शा वर आली. तिने कपाळावरचे केस मागे सारले आणि ग्रेगाकडे पाहिलं, जरा दटावल्यासारखं, ताडपत्रीचा विषय आता पुन्हा निघू नये म्हणून. "घरात येणाऱ्याला सपाता नकोत का?"

ग्रेगाने मान हलवली. पोल्डेंनी पण हलवली, जरी त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

फ्लोर्यान उठला. कुणी त्याच्या तोंडाकडे पाहू नये म्हणून तो लगेच टेबलाखाली गेला, खिशातली पट्टी काढली आणि पहिल्या पायाचं माप घेऊ लागला. माप घ्यायला खरं तर एवढा वेळ लागत नाही. खालून त्याला सगळ्यांचे पाय दिसत होते, दांड्यांवर आवरून धरलेले, कुणाच्या मोज्याला भोक, कुणाच्या घोट्यावर तळ नसलेली सपात. त्यातले विल्माचे पाय पुढे सरकले आणि त्याच्या गुडघ्याला लागले.

"माप नीट घे," वरून तिचा आवाज आला. "आणि पोत्यातूनच काप. माझ्या पायातल्यांना हात लावायचा नाही."